कौतिकाची राखण

एक वृद्ध वैद्यबुवा एकदा आपल्या शिष्यासह माळरानाच्या कडेला मुक्कामाला होते. थंडीचे दिवस होते, ज्वारी दाण्यात भरली होती. मुळ्या खणायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, असा दोघांचा नित्यक्रम. शिष्य बुद्धिमान होता आणि कनवाळूही होता. फक्त त्याच्या कनवाळूपणाला धीर नव्हता. असा कनवाळूपणा आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगी असतो आणि आपल्याला त्याचा अभिमानही वाटतो.

त्यांच्या झोपडीसमोरच्या रानात एक मचाण होते. त्यावर कौतिका नावाची नऊ वर्षांची मुलगी दिवसभर पाखरे राखत बसे. दोन वर्षांपूर्वी तिची आई तीन दिवसांच्या तापाने गेली होती. बाप सकाळी दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर कामाला जाई, तो दिवेलागणीला परते. आई गेल्यापासून मुलगी कोणाशी एक शब्द बोललेली नव्हती. बापाने बुवांचे पाय धरले.

"पोर मुकी झाली, बुवा. हूं न्हाई की चूं न्हाई. एखादी मुळी उगाळून द्या."

बुवांनी तिला लांबूनच न्याहाळले आणि म्हणाले, "मुळी नको. थोडं थांबू."

शिष्याला हे काही पटले नाही. तो मुलीवर लक्ष ठेवू लागला, तेव्हा त्याला कळले की ती मुकी नाही. पाखरांचा थवा उतरला की ती गोफण फिरवी आणि 'हुऽऽर्र होऽऽ' अशी लांबलचक आरोळी देई. ओढ्यापलीकडच्या रानात आणखी एक मचाण होते. तिथे गेनू नावाचा तिच्याच वयाचा मुलगा राखणीला बसे. तो परगावचा, आईबापांपासून दूर, हंगामापुरता आत्याकडे आणलेला. कौतिकाची आरोळी विरली की पलीकडून त्याची येई, मग पुन्हा तिची. पुढे पुढे तर आभाळात एकही पाखरू नसताना आरोळ्या होऊ लागल्या. दोघांनी एकमेकांचा चेहरा जवळून कधी पाहिला नव्हता.

"बुवा, या दोघांची आपण गाठ घालून देऊ," शिष्य म्हणाला.

"रोज पडते आहे की त्यांची गाठ. तू मध्ये कशाला?"

तेवढ्यात बातमी आली की गेनूच्या आत्याच्या रानात काढणी लागणार आणि गेनू उद्या संध्याकाळी आपल्या गावी परत जाणार. शिष्याचा जीव खालीवर झाला. इतक्या दिवसांत या मुलीला एक सोबती मिळत होता, तोही हातचा जाणार! बुवा मुळ्या खणायला गेले होते. शिष्याने ओढा ओलांडला, गेनूचा हात धरला आणि तो कौतिकाच्या रानाकडे निघाला.

त्या भागात राखणदाराकडे जायचे तर बांधावरून जायचे आणि लांबूनच आपले नाव सांगायचे, अशी रीत आहे. उभ्या पिकातून येतो तो चोर तरी असतो, नाहीतर जनावर. शिष्याला ही रीत ठाऊक होती. पण बांधाने मोठा वळसा पडत होता, आणि मुलीपुढे अवचित उभे राहून तिला हरखून टाकावे असेही त्याच्या मनात होते. तो सरळ ज्वारीत शिरला.

ज्वारी पुरुषभर उंच. मचाणावरून कौतिकाला माणसे दिसत नव्हती. कणसे हलताना दिसत होती आणि ती हालचाल आपल्याच दिशेने येताना दिसत होती. चार दिवसांपूर्वी शेजारच्या रानात रानडुकराने एका बाईची मांडी फाडली होती. कौतिका ताडकन उभी राहिली. तिने आरोळी दिली. गेनूने उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच शिष्याने हसत त्याच्या ओठांवर बोट ठेवले.

उत्तर आले नाही. कणसे हलतच राहिली. गोफण सणाणली आणि पहिला दगड शिष्याच्या कानाजवळून गेला. "अगं, थांब!" असे तो ओरडेपर्यंत दुसरा आला. तो गेनूच्या खांद्यावर बसला आणि गेनू कळवळून खाली बसला.

शिष्याने त्याला उचलून मचाणापुढच्या मोकळ्या जागेत आणले. "अगं, हा तुझा सोबती! ओढ्यापलीकडचा! खाली ये, बघ तरी त्याच्याकडे!"

कौतिकाने पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने चटकन शिडी वर ओढून घेतली आणि तिसरा दगड गोफणीत भरला. शिष्य जितके गोड बोलू लागला तितकी ती मागे सरकू लागली. मचाणाची मागची बाजू उघडी होती. आणखी दोन पावले, की ती खाली आली असती. गेनू हुंदके देत होता, शिष्याला घाम फुटला होता आणि तरीही त्याचे बोलणे थांबत नव्हते.

"राखणदार, मी वैद्य आलोय!" बांधावरून आवाज आला. "येऊ का?"

कौतिका जागच्या जागी थबकली. बुवा घटकाभर बांधावरच उभे राहिले, तिची गोफण उतरली तेव्हा मान खाली घालून आले. त्यांनी मचाणाकडे पाहिलेच नाही. गेनूचा खांदा चाचपला, हाड शाबूत असल्याची खात्री केली, आणि म्हणाले, "लेकरा, बांधाबांधानं तुझ्या मचाणावर जा. उद्या सकाळीही तिथंच येऊन बस."

शिष्य थक्क झाला. "बुवा! उद्याचा एकच दिवस राहिलाय. आणि तुम्ही त्याला घालवून देता?"

बुवांनी शिष्याला मचाणाकडे तोंड करून हात जोडायला लावले, "न विचारता शिरलो, चुकलं माझं," असे म्हणायला लावले, आणि त्याला घेऊन ते निघाले.

त्या दिवशी कोणत्याच मचाणावरून आरोळी उठली नाही. रात्री शिष्याने भाकरीचे ताट बाजूला सारले. "माझ्यामुळे गेलं ते," तो म्हणाला. "पण बुवा, तुम्ही गेनूला थांबवून घ्यायला हवं होतं."

तेव्हा बुवा बोलले. "तिची आई न सांगता गेली. तेव्हापासून तिला एवढंच कळलंय, की न सांगता येतं ते काहीतरी घेऊन जातं. म्हणून ती राखण करते, ज्वारीची आणि स्वतःचीही. रोज त्या पोराला आरोळी देऊन ती त्याला तसूतसूनं जवळ घेत होती. किती जवळ, ते ती ठरवत होती. तू ते ठरवणं तिच्या हातून काढून घेतलंस. तो तिथेच उभा राहिला असता, तर तिला दोनच वाटा होत्या. दगड मारायचा, नाहीतर हरून खाली उतरायचं. हरलेल्या माणसाची मैत्री होत नाही रे, नुसती शरणागती होते. तो आपल्या जागी गेला, म्हणजे त्याच्याकडे निघायचं की नाही हे पुन्हा तिच्याकडे आलं."

"ती निघेल?"

"ते मला ठाऊक नाही," बुवा म्हणाले, आणि ते खरे होते.

सकाळी पाखरे दोन्ही रानांत उतरली. गेनू आपल्या मचाणावर खांदा धरून बसला होता. त्याने आरोळी दिली नाही. कौतिकानेही दिली नाही. ऊन तापू लागले. शिष्य दहा वेळा उठला आणि दहा वेळा बसला. आत्याची माणसे विळे घेऊन येताना लांबवर दिसू लागली.

मग कौतिकाने शिडी खाली सोडली. गोफण मचाणावरच ठेवून ती बांधावर आली. ओढ्यापाशी फार वेळ उभी राहिली, इतका वेळ की शिष्याने डोळे मिटून घेतले. त्याने ते उघडले तेव्हा ती ओढ्याच्या पलीकडे, गेनूच्या मचाणाखाली उभी होती.

"लई लागलं का रं?"

दोन वर्षांनी निघालेले पहिले शब्द. आवाज फाटका आणि घोगरा होता.

गेनूने वरून वाकून पाहिले. "लई न्हाई," तो म्हणाला. मग खांदा चोळत म्हणाला, "पर लागलंय."

ती तिथेच मातीत बसली. तो शिडीच्या दोन पायऱ्या उतरला आणि तिसरीवर बसून राहिला. दोघांच्या मध्ये चार हातांचे अंतर होते, आणि ते कमी करण्याची दोघांनाही घाई नव्हती.

शिष्याचे डोळे भरून आले. त्याला धावत जावेसे वाटले, पण या वेळी तो उठला नाही. बुवांनी त्याला अडवलेही नव्हते.

एकट्या पडलेल्या मुलाची दया येऊन आपण धावतो, तेव्हा आपण बांधावरून निघालो आहोत की पिकातून, एवढे थांबून पाहावे.