तळाचा भाव

कांद्याच्या लिलावात मोतीशेठ इतका खोल हात घालायचे, की ट्रॉलीच्या टायरातली हवासुद्धा तपासून येत असावेत. वर कितीही टपोरा कांदा दिसो, त्यांचं ठरलेलं असायचं, "वर नवरदेव, खाली नुसतं वऱ्हाड! मी तळाचा भाव देणार."

गेल्या खेपेला तळाशी चार बारके सापडले आणि हौसाबाईचा सगळा चांगला कांदा गोल्टीच्या, म्हणजे बारक्या मालाच्या भावात गेला. या खेपेला तिनं ट्रॉली स्वतः भरली.

"अगं, गोल्टी वर कशाला?" नवरा, गेनू, घाबरला.

"गप बसा. शेठला तळाची आवड हाये."

वर गोल्टी बघून शेठनी आज हात घालायची तसदीही घेतली नाही. "वर ही तऱ्हा, तर खाली काय असेल? तळाचाच भाव देणार!"

"सगळ्यांदेखत बोललात हं, शेठ."

ट्रॉली उपसली. खाली मुठीत न मावणारा लालबुंद कांदा!

"ही फसवणूक आहे!" शेठ उखडले.

"वरच्यापेक्षा आतलं बरं निघालं म्हणून भांडणारे तुम्हीच पहिले, शेठ! पाटीभर गोल्टी मी घरी नेते, कालवणाला होईल. बाकीच्याला तुमचा शब्द पाळा."

बाजार खदखदून हसला. शेठनाही हसू फुटलं, आणि हसत हसत त्यांना भाव द्यावाच लागला.