नीटनेटक्या वायरी

फेब्रुवारीतला शनिवार. आकाश स्वच्छ, वारा पश्चिमेचा. एका माळावर हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाने स्पर्धेसाठी तीन तंबू ठोकले होते. एकात हणमंतराव जगदाळे, दुसऱ्यात नलिनीताई शेवडे, तिसऱ्यात सलीमभाई अत्तार. प्रत्येकापुढे एक रेडिओ आणि एक कॉम्प्युटर.

जगभरच्या जास्तीत जास्त हौशी केंद्रांशी रेडिओवरून बोलायचे, पण एका केंद्राशी मंडळाने एकदाच, असा नियम होता. म्हणून तिन्ही कॉम्प्युटर वायरींनी जोडले होते. एकाने केलेली नोंद बाकीच्या दोघांना लगेच दिसे. गेल्या वर्षी नोंदी जुळल्या नाहीत आणि मंडळ स्पर्धेतून बाद झाले. यंदाही तसेच झाले, तर पुन्हा भाग घ्यायचा नाही असे ठरले होते.

जोडणीचे काम हणमंतरावांचे. माणूस टापटिपीचा. अँटेनाची जाड वायर आणि कॉम्प्युटरच्या वायरी आपल्या तंबूत त्यांनी सुतळीने एकत्र बांधल्या होत्या, वेणी घालावी तशा. येणारा-जाणारा बघत राही.

स्पर्धा सुरू झाली आणि जोडणी तुटू लागली. हणमंतराव उठून सलीमभाईंच्या तंबूत गेले. तिथे सगळे ठीक दिसले. परत येऊन ते माइकवर बोलू लागले, की पुन्हा तुटली. असे दोनदा झाल्यावर त्यांनी सलीमभाईंचा जुना कॉम्प्युटर दोषी ठरवला आणि काढून बाहेर ठेवला. सलीमभाई कागदावर नोंदी करू लागले.

तरी जोडणी तुटतच राहिली. आता हणमंतराव नलिनीताईंची वायर बदलायला निघाले. वाटेत सलीमभाई हसून म्हणाले, "हणमंतराव, तुम्ही उठलात की सगळं बरं होतं. बसलात की आजारी पडतं."

नलिनीताई हसल्या. हणमंतरावांना राग आला, पण वाक्य डोक्यातून जाईना. ते मागे फिरले. माइकचे बटण दाबले, जोडणी गेली. सोडले, आली. त्यांनी खाली पाहिले. बटण दाबले की रेडिओची ताकद अँटेनाच्या वायरीतून जाई आणि शेजारी घट्ट बांधलेल्या कॉम्प्युटरच्या वायरींतही शिरे.

तंबूत दुसरे कोणी नव्हते. सुतळी गुपचूप कापायची आणि वायरी जोडणारी डबी खराब होती म्हणायचे, एवढे सोपे होते. हणमंतरावांनी कात्री हातात घेतली. मग त्यांनी दोघांना हाक मारली आणि त्यांच्यासमोर गाठी कापल्या.

"दोष माझ्या बांधणीत होता," ते म्हणाले. "सलीमभाई, तुमच्या कॉम्प्युटरात नव्हता."

"मग आमच्या म्हाताऱ्याला आत घ्या," सलीमभाई म्हणाले. "बिचारा मघापासून उन्हात बसलाय."

हणमंतरावांनी तो स्वतः उचलून सलीमभाईंच्या तंबूत नेला आणि जोडला. कॉम्प्युटरच्या वायरी त्यांनी तंबूच्या दुसऱ्या बाजूने ओढल्या. त्या वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. त्यांनी बटण दाबले. जोडणी टिकली. आपल्या जागी परतलेल्या नलिनीताईंनी सोडलेला सुस्कारा शेजारच्या तंबूतून ऐकू आला. सलीमभाईंनी कागदावरच्या नोंदी कॉम्प्युटरात भरल्या.

रविवारी संध्याकाळी स्पर्धा संपली. तिन्ही पडद्यांवर नोंदींचा आकडा एकच होता: ६१२.

तात्पर्य: बिघाड शोधताना सुरुवात आपल्या हातच्या कामापासून करावी, आणि चूक आपली निघाली तर ज्याच्यावर ठपका ठेवला त्याच्यासमोरच ती सुधारावी.