गोठलेल्या खाडीची साक्ष

व्हेनिसचे वयोवृद्ध मंत्री झक्कारियो आपलं वय कुणालाच सांगत नसत. चर्चमधली जन्मनोंद आगीत जळाल्यापासून तर त्यांना रानच मोकळं मिळालं होतं.

त्यांच्या खुर्चीवर डोळा असलेल्या सरदार गास्पारोनं सभेत ठराव मंजूर करून घेतला. "ऐंशीनंतर माणसाच्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. अशांनी घरी बसावं!" मग तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी खाडी गोठली, तेव्हा बर्फावरून माणसं चालत गेली. गाड्या काही गेल्या नाहीत."

झक्कारियोंना राहवेना. "साफ चूक! मी सात वर्षांचा होतो. बाबांच्या गाडीत, द्राक्षमद्याच्या पिंपावर बसून गेलो होतो!"

"म्हणजे एक्क्याण्णव!" गास्पारोनं टाळी वाजवली. "उठा आता."

आपण पुरते फसलो, हे म्हाताऱ्याला कळलं. तरी ते मिश्कील हसले. "उठतो की. पण बाळा, माझ्या आठवणीवर तुझा भरवसा आहे ना? मग तुझा ठराव खोटा. आणि भरवसा नसेल, तर मी एक्क्याण्णवचा, हे तुला सांगितलं कुणी?"

सभा खदखदून हसली. गास्पारोलाही हसू आवरेना. त्यानं स्वतःची शाल काढून झक्कारियोंच्या गुडघ्यांवर घातली.

"घट्ट गुंडाळ," झक्कारियो म्हणाले, "त्या बर्फाची थंडी अजून गेलेली नाही."