खारीची परवानगीची पुरचुंडी

मुलांनो, डोंगराच्या पोटाशी पसरलेल्या एका जंगलात एक खार आणि तिचा नवरा खारोबा राहत असत. राहत असत म्हणजे काय, आज या फांदीवर, उद्या त्या ढोलीत, असा सगळा उघड्यावरचा संसार! पण आता खारीला दिवस गेले होते. पंधरा दिवसांत पिल्ले येणार, त्याआधी हक्काचे घर हवेच. दोघांनी पोटाला चिमटा काढून साठ बदाम साठवले होते. त्या जंगलात बदाम मोजले की कामे होत.

खारोबाचे बेत तर विचारूच नका! "अगं, सावरीच्या कापसाची गादी करू, पिल्लांना वेगळी खोली काढू आणि पुढे ऊन खायला ऐसपैस सज्जा! साठच्या साठ बदाम लावू."

"अहो, आणि परवानगीचं काय?" खारीने विचारले.

"त्यात काय एवढं? वानरआजोबांना रामराम घातला की झालं!"

खारीने कपाळावर हात मारला. जंगलाची रीत तिला ठाऊक होती. आधी सुतार पक्ष्याने फांदी ठोकून पाहायची, मग शेजाऱ्यांनी हो म्हणायचे आणि त्यानंतरच वानरआजोबा मान डोलावणार. बिनपरवानगीचे घर दिसले, की वानरांची टोळी ते काडी काडी करून मोडून टाकी. मग त्यात पिल्ले असोत नाहीतर आणखी कोणी! खारीने वीस बदाम पळसाच्या पानात घट्ट बांधले आणि म्हणाली, "हे परवानगीचे. उरलेल्या चाळिसांत बसेल तेवढंच घर. सज्जाबिज्जा काही नको." खारोबा दिवसभर गाल फुगवून बसला.

दुसऱ्या दिवशी सुतार पक्षी आला. त्याने आंब्याची फांदी ठोकली, कान लावला आणि चोच हलवली. "आतून वाळवीने खाल्लीय. इथे घर नाही. माझे पाच बदाम द्या."

"वा रे वा! नाही म्हणायचेही पाच बदाम?" खारोबा तडतडला.

"हो म्हणायला जेवढं ठोकावं लागतं, तेवढंच नाही म्हणायलाही ठोकावं लागतं, खारोबा!"

खारीने पुरचुंडी सोडून पाच बदाम मोजले. मग जांभळाची फांदी निवडली. ती पक्की निघाली, पाच बदाम गेले. पण शेजारची साळुंकी कलकलली, "वहिनी, तुमचं दार अगदी माझ्या घरट्यावर उघडतंय. मला नाही चालायचं!" झाले! दार पलीकडे वळवायचे, म्हणजे ती बाजू पुन्हा ठोकून पाहणे आले. आणखी पाच गेले. इकडे दिवस सरत होते आणि खारीचे पोट जड होत होते. रात्री खारोबाच्या डोळ्याला डोळा लागेना. "सगळे बदाम सज्ज्यात घातले असते, तर आज कुणाच्या दारात उभे राहिलो असतो गं?" तो हळूच म्हणाला. खारीला हसूही आले आणि नवऱ्याची मायाही वाटली.

उरल्या पाच बदामांत तिने सगळ्या शेजाऱ्यांचे तोंड गोड केले. साळुंकीने तर दोनदा हो म्हटले! वानरआजोबांनी फांदी हलवून पाहिली, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "बांधा बाळांनो, सुखाने राहा."

मग काय! दोघांनी दिवसरात्र काड्या ओढल्या. घर छोटेसे, पण ऊबदार झाले. शेवटची काडी बसली आणि चौथ्या दिवशी तीन गुलाबी पिल्ले जन्मली. खारोबा शेपटी फुलवून फांदीच्या टोकावर नाचू लागला आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असा ओरडला, "परवानगीचं घर आहे आमचं! उठवून तर दाखवा कुणी!"

तात्पर्य : घराचा खर्च मांडताना परवानगीचा वाटा आधी बाजूला काढावा आणि तोही एका नकाराला पुरून उरेल एवढा, मग घर लहान झाले तरी त्यात झोप निवांत लागते.