नकाराखालचे नाव

जर्मन मुलखातल्या एका छोट्या संस्थानात फार पूर्वी एक वृद्ध कायदेपंडित राहत असे. लोहाराच्या घरी जन्मलेला हा माणूस केवळ विद्येच्या बळावर विद्यापीठाचा आचार्य झाला होता. राजघराण्याचा इतिहास लिहिण्याचे कामही राजाने त्याच्यावरच सोपवले होते. योआखिम हा त्याचा शिष्य. नुकताच पदवीधर झालेला.

त्या वर्षी राजाचा तान्हा मुलगा दगावला आणि उर्सुला नावाच्या सुईणीवर चेटकाचा आळ आला. हालहाल केल्यावर तिने सारे कबूल केले. तिला जिवंत जाळावे काय, असे राजाने विद्यापीठाच्या पंडितांना विचारले. त्यांचे एकमत झाले, तरच शिक्षा होणार होती. पण जो तिची बाजू घेईल तोही चेटक्यांतलाच, असे प्रधानाने आधीच बजावले होते. गावात शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता.

"गुरुजी, आज सभेला जाऊ नका," योआखिम काकुळतीने म्हणाला. "तुम्हाला ताप आलाय, असं मी कळवतो. बाकीचे काय ते ठरवतील. तुमच्या माथी पाप नाही आणि जिवाला धोकाही नाही."

वृद्धाने झगा चढवला आणि तो चालू लागला. योआखिमही त्याच्या मागोमाग सभेत गेला.

सभेत प्रधान जातीने हजर होता. दाराशी शिपाई उभे होते. एकेका पंडिताने मान खाली घालून मृत्युदंडाला संमती दिली. मग वृद्धाची पाळी आली. त्याने लिहिले, 'यातनांनी वदवलेली कबुली कायद्याला मान्य नाही.' खाली स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव, सारे ठळक अक्षरांत लिहिले.

प्रधान थंडपणे म्हणाला, "वेगळ्या मताला एका पदवीधराची साक्ष लागते. संध्याकाळपर्यंत मिळाली नाही, तर हे मत रद्द."

बाहेर येताच योआखिमला रडू फुटले. "गुरुजी, भीती नाही वाटली तुम्हाला? आणि वर बापाचं नाव, गाव... शिपायांना घर दाखवल्यासारखं!"

"वाटली ना. अजून वाटते आहे," वृद्ध म्हणाला. "पण बाळ, मी जन्मभर जुने निवाडे वाचत आलो. घरी बसून राहिलेल्यांचा नकार मला त्यांत कुठेही सापडला नाही. त्यांचे मौन संमतीतच मोजले गेले. भय कुणाला सुटत नाही. कशाचे भय धरायचे, एवढेच आपल्या हाती असते. मला प्रधानाचे भय वाटते, पण त्या बाईच्या किंकाळीत आपलाही वाटा असण्याचे भय त्याहून मोठे आहे. वडिलांचे नाव, गावही लिहिले, कारण या नावाचे आचार्य आणखी दोघे आहेत. माझ्या नकाराची शिक्षा त्यांना का व्हावी?"

साक्ष दे, असे मात्र तो म्हणाला नाही. काठी टेकत तो पायऱ्या उतरू लागला.

योआखिम बराच वेळ उभा राहिला. अखेर तो वळला, शिपायांच्या मधून आत गेला आणि त्याने लेखणी मागितली.

एकमत न झाल्याने उर्सुला हद्दपारीवर सुटली. वृद्धाची दोन्ही पदे गेली. योआखिमला त्या विद्यापीठात कधीच जागा मिळाली नाही. पुढे कित्येक वर्षे दारावर थाप पडली की त्याच्या छातीत धस्स होई. पण तो उठून दार उघडत असे.