हातावरची लव

एकदा एक म्हातारी बाजारपेठेच्या गावात बायकांचं पार्लर चालवत होती. पार्लरच्या गोष्टीत कसला आलाय बोध, असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल पान उलटावं. ज्ञान फक्त वडाखाली बसूनच मिळतं असं कुणी ठरवून दिलेलं नाही. ते गॅसवर वॅक्ससाठी साखर-लिंबाचा पाक ढवळणाऱ्या बाईपाशीही असू शकतं. या बाईला सगळं गाव अक्का म्हणे.

अक्काच्या हाताखाली वृंदा नावाची शिष्या होती. हात चपळ, नजर तीक्ष्ण, धीर मात्र नावाला नाही. वॅक्स लावून पट्टी ओढावी तर वृंदानंच; गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत पट्टी केसांसकट बाजूला पडलेली असे. पण अक्का तिला आधी नुसत्या चौकशा करायला लावी. अंगाला तेल लावलंय का, काल उन्हात हिंडलीस का, कातडी कुठं सोललीय का, औषधाची कसली ट्यूब चोळतेस का. मग हात कोमट पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, पावडर लावायची. काम झाल्यावर आणखी वेगळंच. गार पाण्याची घडी ठेव, कोरफडीचा गर लाव, आज घट्ट बाह्या घालू नको, कढत पाणी घेऊ नको, अत्तर लावू नको म्हणून बजाव. वृंदाला हे सगळं पाल्हाळ वाटे. काम एका श्वासाचं आणि त्याच्या मागंपुढं एवढं पुराण, असं ती शेजारच्या दुकानात बोलूनही दाखवी.

अशात गुळाच्या व्यापाऱ्याची मुलगी केतकी आपल्या आत्याला घेऊन पार्लरात आली. लग्न आठवड्यावर आलं होतं. साखरपुड्याला होणाऱ्या नणंदेनं तिचा हात हातात घेतला होता आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली होती की वहिनीला थंडीत स्वेटर लागायचा नाही. बायका हसल्या. केतकीही हसली, आणि घरी येऊन जेवली नाही. तेव्हापासून तिनं बाही कोपराच्या वर जाऊ दिली नव्हती. हातावरची लव गेल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, असं तिनं वडलांना सांगून टाकलं होतं.

ही नवरी तुझी, असं अक्कानं वृंदाला कबूल केलेलं. वृंदाची ही पहिली नवरी. व्यापाऱ्यांच्या आळीत एक नवरी साधली की पुढच्या सगळ्या आपल्याच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं वॅक्स तापवलं, पट्ट्या मांडल्या. केतकीनं बाही वर केली.

तेवढ्यात अक्का खुर्चीवरून उठली. चष्मा लावला, केतकीचा हात खिडकीच्या उजेडाकडं वळवला, आणि वृंदाच्या हातातली वॅक्स लावायची बोथट सुरी काढून घेतली. कोपराच्या आतल्या अंगाला तिनं अंगठ्याएवढा ठिपका लावला, पट्टी दाबली, ओढली. मग खाली वाकून ती जागा बघत राहिली. आणि तिनं वॅक्सचा हीटर बंद केला.

"लग्नाला हे हात असेच जाऊ देत," ती म्हणाली.

आत्याला आधी वाटलं म्हातारी थट्टा करतेय. थट्टा नाही हे कळल्यावर तिचा पारा चढला. अक्कानं तिला एवढंच विचारलं की पोरीच्या हाताला काय चोळता. त्यात लपवण्यासारखं आत्याला काहीच वाटलं नाही. मेडिकलमधून आणलेली तोंड उजळायची ट्यूब, ती रोज रात्री हातांनाही लावली जात होती. मांडवात तोंड एका रंगाचं आणि हात दुसऱ्या रंगाचे कसे दिसतील? शिवाय रोज सकाळी डाळीच्या पिठात लिंबू पिळून खसाखसा घासणं, ते वेगळंच. अक्का म्हणाली, ट्यूब आजपासून बंद, घासणं बंद, ही जागा डॉक्टरला दाखवा, आणि केस काढायचे तर महिन्याभरानं या. महिन्यानं काय बारशाला येऊ, असं म्हणत आत्यानं पोरीला उठवलं. उंबरा ओलांडताना केतकीनं बाही मनगटापर्यंत खाली ओढून घेतली.

वृंदा आतून नुसती धुमसत होती. म्हातारीला दुसऱ्याचं नाव झालेलं बघवत नाही, दुसरं काय? दुपारी अक्का जेवायला गेली आणि आत्याचा फोन आला. मागच्या दारानं घरी ये, अक्काला कळायचं कारण नाही, आणि मांडवात नवरीला सजवायचं तेही तूच, असं आत्यानं सांगितलं. वृंदानं वॅक्सचा डबा, सुरी, पट्ट्या पिशवीत भरल्या आणि ती निघाली.

माडीवर केतकी सतरंजीवर बसली होती. दोन्ही हात पुढं, डोळे गच्च मिटलेले, ओढणीचं टोक दातात धरलेलं. आत्या शेजारी बसून तिला समजावत होती की पोरी, बाईच्या जातीला सोसायची सवय पाहिजे. वृंदानं वॅक्स तापवून सुरीवर घेतलं. ते लावायच्या आधी कातडी कोरडी आहे ना, हे बघायला तिनं आपल्या हाताची पालथी बाजू केतकीच्या हातावर टेकवली. अक्कानं लावलेली सवय, दुसरं काही नाही. हात तापलेला लागला. वृंदानं कोपर वळवून पाहिलं.

सकाळच्या ठिपक्यावर केस नव्हते. पण कातडीही नव्हती. लाल, ओली, चकाकती जागा, आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं.

वृंदाच्या डोळ्यांपुढं तो ठिपका वाढत गेला, मनगटापासून थेट खांद्यापर्यंत. त्याच हातांवर नवऱ्याकडची उष्टी हळद यायची होती. सुवासिनी ती दोन्ही हातांनी चोळणार होत्या. कासार चुडा भरताना मनगट दाबणार होता. आणि पोरगी ओढणी दातात धरून हसत राहणार होती, साखरपुड्याला हसली होती तशी.

तिनं सुरी डब्यात ठेवली.

"आत्या, हे माझ्याच्यानं होणार नाही," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कुणालाही करू देऊ नका."

आत्यानं तोंड उघडलं, तेव्हा वृंदानं केतकीचं कोपर तिच्यासमोर धरलं. आत्या बघत राहिली. मग हळूच म्हणाली, मला हिनं हे दाखवलंच नाही गं. वृंदानं स्वच्छ फडकं गार पाण्यात बुडवून, पिळून त्या जागेवर ठेवलं. केतकीनं डोळे उघडले.

"नणंद मांडवात परत बोलेल," ती म्हणाली.

"बोलेल. पण तुला दुखणार तरी नाही."

वृंदा परत आली तेव्हा अक्का दारातच उभी होती. तिनं पिशवीकडं पाहिलं. केलंस का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हातारीनं मोठा श्वास सोडला आणि ती पायरीवर बसली. वृंदाही खाली बसली आणि कुरकुरली की मला सरळ समजावून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

"चुकलंच माझं, सांगायला हवं होतं," अक्का म्हणाली. "तुला दिसलं असेल असं वाटलं मला. अगं वृंदे, वॅक्सला केस कुठला आणि कातडी कुठली हे कळत नाही. त्याला चिकटलं ते ते उपटतं. त्या ट्यूबनं पोरीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय. मला शंका होती, खात्री नव्हती, म्हणून ठिपका लावला. चूक व्हायचीच असली तर अंगठ्याएवढी व्हावी. ओढायला काय, कुणीही शिकतं. ओढण्याआधी तिथलं काय निघून येईल ते बघायचं, आणि ओढल्यावर ती जागा शांत होईपर्यंत तिला जपायचं. माणसं आपल्याकडं हात देतात ते यासाठी."

वृंदानं उठून डबा धुतला.

केतकीचं लग्न झालं, हातावरच्या लवेसकट. डॉक्टरनं मलम दिलं, ठिपक्यावर खपली धरली. हळद तेवढी जागा सोडून लागली आणि हातांना साधी जळजळही झाली नाही. चुडा भरताना नणंद पुन्हा बोललीच. अशी माणसं थांबत नसतात. सजवायला आलेली वृंदा मागं उभी होती.

"आहे लव, वन्सं. राहू दे," केतकी म्हणाली आणि तिनं कासारापुढं दुसरा हात केला.

नणंद ताटातल्या बांगड्यांचा रंग बघायला लागली. वृंदाचा श्वास मोकळा झाला, आणि तिकडं आत्यानं पदरानं डोळे टिपले.

पुढं माहेरपणाला आली तेव्हा केतकी आपण होऊन पार्लरात आली. आता कुणाला दाखवायला नाही, मला हवंय म्हणून, असं म्हणाली. वृंदानं सगळ्या चौकशा केल्या, एकही न गाळता. ठिपका लावून ओढला, वाट बघितली. कातडी शांत राहिली. मग दोन्ही हात केले, गार घडी ठेवली, कोरफड लावली, आणि उद्या कुठं पुरळ आलं तर खाजवू नको, मला दाखव म्हणून बजावलं. केतकी आपले हात उलटेपालटे करून बघत होती. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या अक्कानं त्या हातांकडं एकदा पाहिलं आणि ती निवांत डोळे मिटून बसली.

ज्याला दुसऱ्याच्या अंगचं काही उपटून काढायचंय, मग ते केस असोत नाहीतर एखादी खोड, त्यानं आधी तिथली कातडी किती पातळ झालीय ते बघावं.