आठवा हत्ती

कुंभाराची सगुणा दोन महिने चौथ्या धड्यातच अडकून पडली होती!

राजा शार्दूलसेनाला नव्याची भारी हौस. त्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांचा गृहपाठ ऑनलाइन करून टाकला. मुलांनी टॅबवर उत्तर लिहायचं, ते तिथल्या तिथं तपासून मिळायचं, आणि धडा सगळा बरोबर आल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. दहा हजार प्रश्न दरबारच्या त्र्यंबकपंतांनी काढले होते. पंतांची चूक होणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं, असं निदान पंतांचं तरी मत होतं.

शेवटी सगुणा थेट दरबारात जाऊन उभी राहिली. "महाराज, गृहपाठात एक चूक आहे."

"अशक्य!" पंत कडाडले. "वर्षभरात एकही तक्रार आलेली नाही!"

राजाला हे ऐकून बरं वाटलं. तो हट्टाला पेटला. "एका चुकीचं काय कौतुक सांगतेस पोरी? काढायच्या तर दहा हजारांतल्या सगळ्या काढ! उद्या दुपारची नौबत वाजायच्या आत! नाहीतर शाळा सोडायची आणि बापाचं चाक फिरवत बसायचं."

दरबार हळहळला. नुसते प्रश्न वाचायलाच सहा महिने लागले असते! सगुणाला तर शाळा जिवापाड आवडायची. पण ती मागे हटली नाही.

"उद्या कशाला? आत्ताच काढते. मला प्रश्न वाचायचेच नाहीत!"

"मग काय वास घेऊन ओळखणार?" पंत म्हणाले.

"भट्टीतनं एखादं मडकं तडकलेलं निघालं, तर दोष मडक्याचा. पण सगळीच एका जागी तडकलेली निघाली, तर माझा बा मडक्यांना शिव्या देत नाही, भट्टी तपासतो. महाराज, त्या टॅबला एवढंच विचारा, राज्यातल्या बहुतेक सगळ्या पोरांनी पहिल्या खेपेला एकच चुकीचं उत्तर कुठंकुठं दिलंय?"

कारकुनानं बटणं दाबली. प्रश्न निघाले तेरा!

"कॉपी केली कार्ट्यांनी!" पंत ओरडले.

"डोंगरावरच्या पोरांनी खाडीकाठच्या पोरांची? मान बरीच लांब करावी लागली असेल हो, पंत!"

राजा गालातल्या गालात हसला. त्यानं टॅब हातात घेऊन पहिलाच प्रश्न वाचला, 'महाराजांच्या हत्तीखान्यात हत्ती किती?'

"हे आम्हाला विचारता? आठ!"

टॅब म्हणाला, 'चूक! पुन्हा प्रयत्न करा.'

राजानं पुन्हा आठ लिहिलं. पुन्हा चूक! झालं होतं असं, की पंतांनी प्रश्न काढला तेव्हा हत्ती सातच होते. मग दसऱ्याला चंपाकळी हत्तीण व्याली, गावभर पेढे वाटले गेले. पंतांनीही दोन खाल्ले, पण उत्तर बदलायचं राहून गेलं. बाकीच्या बारा प्रश्नांतही चूक पंतांचीच निघाली.

"पण पोरी, सात लिहून मोकळी का नाही झालीस? बाकीची पोरं झालीच ना?" राजानं विचारलं.

"त्या आठव्यानं आमच्या अंगणात येऊन अकरा मडकी फोडली, महाराज! तो नाहीच, असं कुठल्या तोंडानं लिहू?"

राजाला आता पंतांचा राग आला. "पंत, आम्हाला तक्रार करायची आहे! कुठे करायची?"

पंतांनी टॅबच्या तळाशी बोट दाखवलं. "खाली बटण आहे, महाराज. पण ते... उत्तर बरोबर आल्यावरच उघडतं. उगाच कोणीही तक्रार करू नये म्हणून."

"सोपं आहे की, महाराज!" सगुणा म्हणाली. "सात लिहा, शाबासकी घ्या, मग खुशाल तक्रार करा. तक्रार कशाची ते मात्र तुम्हीच ठरवा!"

राजा असा खदखदून हसला की पगडी कानावर आली. त्यानं तिथल्या तिथं हुकूम सोडला. प्रत्येक प्रश्नाखाली 'चूक दिसली' असं बटण, उत्तर काहीही असो, सगळ्यांना उघडं! तक्रार सरळ पंतांकडे जाणार, निकाल त्याच संध्याकाळी, आणि कापलेले गुण सगळ्यांना परत!

"आणि पंत, तुमचा गृहपाठ. रोज सकाळी हत्ती मोजून यायचं! पोरी, तुला काय हवं?"

"माझा पाचवा धडा उघडा, महाराज. त्यात काय आहे ते बघायला जीव नुसता तळमळतोय! आणि त्या अकरा मडक्यांचंही बघा जरा."

राजानं पाचवा धडा स्वतःच्या हातानं उघडून दिला, आणि हत्तीखान्याला लागतील तेवढी मडकी घडवायचं काम कायमचं तिच्या बापाकडे सोपवलं. अट एकच, मडकी आठव्या हत्तीपासून लांब ठेवायची!